लोखंडे यांची विसरलेली मागणी

(२८ एप्रिल रोजीं जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या शिवेवरील एका गांवीं, चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



सभेचें बोलावणें घरोघर गेलें तेव्हां कित्येकांनीं मला विचारलें, "मास्तर, आज कोणाची पुण्यतिथि?" प्रश्न रास्त आहे. आपल्या गांवांत सभा भरते ती कोणा तरी थोर पुरुषाच्या नांवानें. आज ज्यांच्यासाठीं आपण जमलों आहों, त्यांच्या तसबिरी कोठें टांगलेल्या नाहींत. विहीर खोदतांना, मळणी करतांना, मोटार चालू करतांना, औषध मारतांना, भिंत बांधतांना जे गेले, त्यांची ही पुण्यतिथि. कॅनडा देशांतील कामगार संघटनांनीं १९८४ सालीं २८ एप्रिल हा दिवस कामावर मेलेल्यांच्या स्मरणासाठीं ठरविला. २००३ पासून आंतरराष्ट्रीय मजूर संघटना हाच दिवस कामावरील सुरक्षिततेचा म्हणून जगभर पाळते. परक्या मुलखांत ठरलेला दिवस आपण कां पाळावा, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर माझ्या वर्गांत बसलेलें आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतों.

माझ्या वर्गांत एक मुलगी आहे. तिचें नांव सांगत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत ती चार दिवस शाळेंत आली नाहीं, म्हणून मी घरीं गेलों. तिचे वडील दुसऱ्याच्या विहिरीवर खोदकामाला होते. यारीचा दोर तुटला, दगडांनीं भरलेला डबा खालीं आला आणि ते जागींच गेले. मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालों, "बाळ, नशिबापुढें कोणाचें चालत नाहीं." सगळे तेंच म्हणत होते, मीहि म्हणालों. पुढें शाळेंत आलेल्या एका पाहुण्यानें तिला विचारलें, "तुझे वडील काय करतात?" ती उभी राहून म्हणाली, "वडिलांना विहिरीनं नेलं."

तें वाक्य माझ्या काळजांत रुतलें. विहिरीला हात नाहींत. ती कोणाला नेत नाहीं. मग मीं चौकशी केली. यारीवरच्या दोघां गड्यांनीं सांगितलें कीं, दोराचे पीळ उकललेले तीन दिवस दिसत होते. मयतानें स्वतः ते बोटानें दाखविले होते. "एवढा थर निघूं दे, मग नवा दोर आणूं," असें ठरलें. पाऊस तोंडावर होता, काम उरकायचें होतें. डबा वर जात असतां खालच्या माणसानें बाजूला सरून उभें राहण्यापुरती जागाहि केलेली नव्हती. म्हणजे दोर होता, दोराची किंमत होती, तीन दिवस होते आणि पाहणारे डोळेहि होते. सर्व कांहीं सांपडलें. फक्त नशीब तेवढें कोठें सांपडलें नाहीं.

त्या मुलीला नशिबाचा धडा मीं दिला होता. मास्तर असून मीं तिला खोटें शिकविलें. आजचें हें भाषण म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

बंधूंनो, आपला हा मुलूख सत्यशोधकांचा. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि थोड्याच वर्षांत ओतूर-जुन्नर भागांतील शेतकऱ्यांनीं भटजीवांचून लग्नें लावण्याचें धाडस केलें. त्या वाडवडिलांचा आपल्याला अभिमान आहे. पण सत्य शोधणें म्हणजे केवळ लग्नांत मंत्र कोणी म्हणावे एवढ्यापुरतें नव्हे. माणूस मेला तर तो कशानें मेला हें शोधणें, हेंहि सत्यशोधनच आहे. कपाळावरची रेघ वाचणारा पूर्वीं भटजी होता आणि त्याची दक्षिणा तो घेत असे. आतां ती रेघ आपण आपणच वाचतों आणि दक्षिणा मयताच्या बायकोपोरांकडून वसूल होते, एवढाच फरक पडला.

आतां ज्या मागणीसाठीं मीं उभा राहिलों तिच्याकडे वळतों. नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव तुम्हीं ऐकलें आहे. त्यांचें मूळ गांव कन्हेरसर, खेड तालुक्यांत. म्हणजे आंबेगांवच्या शेजारच्याच तालुक्यांत. जन्म १८४८ सालचा. मुंबईच्या गिरणींत नोकरी करतांना त्यांनीं कामगारांचे हाल डोळ्यांनीं पाहिले. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं काढलेलें 'दीनबंधु' पत्र १८८० पासून त्यांनीं मुंबईंत चालविलें. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या सालच्या सप्टेंबर महिन्यांत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला.

त्या अर्जांत मागण्या होत्या त्या अशा. एक, रविवारीं सुटी असावी. दोन, दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. तीन, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावें. चार, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत व्हावा. आणि पांचवी मागणी ही, कीं कामावर असतांना जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी.

पहिल्या मागणीची कथा सर्वांस ठाऊक आहे. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियांनीं त्या सभेंत भाषणें केलीं. आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मान्य झाली. आज शाळा, कचेऱ्या आणि कारखाने रविवारीं बंद असतात ती लोखंडे यांची पुण्याई, असें आपण पोरांना सांगतों. पण पांचवी मागणी कोणी पोरांना सांगत नाहीं. तिला कायद्याचें रूप यायला १९२३ साल उजाडावें लागलें, आणि तो कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. अर्जापासून मोजलें तर चाळीस वर्षें झालीं. लोखंडे यांनीं तो दिवस पाहिला नाहीं. मुंबईंत प्लेगचा कहर झाला तेव्हां ते रोग्यांच्या सेवेंत राबले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगनेंच गेले. म्हणजे दुसऱ्यांच्या जिवासाठीं भांडणारा तो पुरुष स्वतःहि कामावरच गेला.

आतां कडू बोलतों, रागावूं नका. १८८४ सालीं तो अर्ज गिरणीमालकांच्या दारीं गेला. आज तो कोणाच्या दारीं जावा? गिरण्या मुंबईच्या, कारखाने चाकण-रांजणगांवचे. त्यांच्या दारीं तर जावाच. पण तो आपल्याहि दारीं यावयास हवा. आपण शेतकरी स्वतःला कष्टकरी समजतों, आणि खरेंच राबतों. परंतु ज्या दिवशीं आपण विहिरीवर चार माणसें लावतों, टोमॅटो खुडायला बाया बोलावतों, मळणी यंत्रावर गडी उभा करतों, त्या दिवशीं आपण मालक असतों. तो गडी कधीं पश्चिमेच्या डोंगरांतला ठाकर किंवा महादेव कोळी असतो, कधीं मराठवाड्यांतून बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेला असतो, कधीं आपल्याच आळींतला भाऊबंद असतो. त्यानें 'दोर झिजला' म्हणून सांगितलें आणि आपण 'उद्यां बघूं' म्हणालों, तर गिरणीमालकांत आणि आपल्यांत फरक कोणता राहिला?

आणि तो मेल्यावर आपण काय करतों? दशक्रिया व्हायच्या आधीं कोणाच्या तरी ओट्यावर बैठक बसते. विधवेच्या हातांत कांहीं नोटा ठेवतात आणि कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतात. कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची ही विद्या आपल्याला कोणीं शिकविली? ज्या सावकारानें आपल्या आज्या-पणज्यांना नागविलें, त्यानें. त्याच्या वह्यांना शिव्या देणाऱ्यांच्या नातवांनीं तीच वही आपल्या कोनाड्यांत ठेवावी, ही लाजेची गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो तें ऐका. शेतकऱ्यासाठीं सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबारावर नांव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबांतील एक माणूस, वय १० ते ७५, अपघातानें मेल्यास २ लाख रुपये मिळतात; दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आंत करावा लागतो. सोय चांगली आहे. पण सातबारा नसलेला मजूर तींत बसत नाहीं. जमीन ज्याच्या नांवावर तो यादींत आणि पहार ज्याच्या हातांत तो यादीबाहेर!

मजुरासाठीं आधार आहे तो लोखंडे यांच्या पांचव्या मागणीचा. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत मिळविला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १२ फुटांहून खोल खोदकाम, सुरुंग लावून केलेलें खोदकाम, ट्रॅक्टरनें, यंत्रानें किंवा विजेनें होणारीं शेतीकामें हीं त्या यादींत आहेत. माणूस कामावर मेला तर त्याच्या महिन्याच्या मजुरीच्या निम्म्या रकमेला त्याच्या वयाप्रमाणें ठरलेल्या आंकड्यानें गुणून भरपाई काढतात. हा धर्मादाय नव्हे. हा हक्क आहे. म्हणून मायबहिणींनो, पोलिसांचा पंचनामा आणि सरकारी दवाखान्यांतील शवविच्छेदन झाल्यावांचून प्रेत उचलूं देऊं नका, आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवूं नका. कागद नसला कीं हक्क बुडतो.

एखादा शेतकरी म्हणेल, "मास्तर, माझीच विहीर कोरडी, बँकेचें कर्ज डोक्यावर, एवढी भरपाई मी कोठून आणूं?" त्याचें म्हणणें खरें आहे. म्हणूनच काम सुरू होण्याआधीं मजुरांचा विमा उतरवावा आणि तो खर्च ठेक्यांतच धरावा. विहिरीचा ठेका आपण परसावर किंवा फुटावर ठरवितों. डिझेल, सुरुंग, यारीचें भाडें सर्व धरतों. मग माणसाच्या जिवाचा खर्च तेवढा हिशेबाबाहेर कां?

पण भरपाई ही मागाहूनची गोष्ट. पैशानें बाप परत येत नाहीं. मूळ गोष्ट मरण टाळण्याची आहे, आणि तें बहुधा फार महाग नसतें.

विहिरीपासून धरूं. ऑगस्ट २०२३ मध्यें आपल्याच जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांतील म्हसोबाची वाडी येथें विहिरीच्या आंतून सिमेंटचें कडें बांधण्याचें काम चाललें असतां माती ढासळून चार मजूर गाडले गेले. मातीचा थर उभाच्या उभा कापला कीं तो आपल्याच भारानें सुटतो. त्यावर पाऊस मुरला आणि कांठावर ढिगारा रचला कीं भार आणखी वाढतो. म्हणून मातींतलें खोदकाम उतार ठेवून किंवा टप्पे पाडून करावें, कांठावर दगड-माती ठेवूं नये, आणि पावसानंतर जाणत्यानें कडा पाहिल्यावांचून कोणी उतरूं नये. दोर रोज सकाळीं हात फिरवून पाहावा. डबा वर असतां खालीं कोणी उभें राहूं नये. सुरुंग परवानेदारानेंच लावावा आणि धूर निघून गेल्याखेरीज तळाशीं जाऊं नये. बंद पडलेल्या जुन्या विहिरींत वाईट हवा सांचते. डिझेल इंजिन आंत उतरवून चालविलें तर त्याचा धूर माणसाला बेशुद्ध करतो. एक आडवा झाला कीं त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि तोहि तेथेंच राहतो. कंदील जळतो म्हणजे हवा निर्धोक, असें समजूं नका. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला आणि वर ओढणारीं माणसें उभीं, असें असेल तरच उतरावें.

मळणी यंत्राकडे या. हात जातो तो कणसें आंत सरकवतांना. जिथून घांस घालतात ती पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि तींतली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोंचतच नाहीं. कोणी काम भराभर व्हावें म्हणून ती पन्हळ काढून ठेवतात. तें यंत्र शेतांत घेऊं नका. पट्ट्यावर जाळी हवी; आणि यंत्रापाशीं उभ्या असलेल्या बाईचा पदर खोचलेला व केंस बांधलेले हवेत. सुतार-लोहार बंधूंनो, पन्हळ आणि जाळी तुमच्या भात्यावर एका दिवसांत होते. हें तुमचें काम आहे आणि मानाचें काम आहे.

विजेची मोटार घ्या. फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें, आर्थिंग नसतां पेटीला ओल्या हातानें शिवणें, चिखलांत उघड्या जोडाची केबल ओढणें, हीं आपल्या शिवारांतलीं रोजचीं कृत्यें. गळणारी वीज तोडणारें यंत्र बसवा, पेटी कोरड्या ओट्यावर घ्या, पायांत रबरी बूट घाला. जेथें विजेची पाळी रात्रीची येते तेथें अंधार, साप आणि उंसांतला बिबट्या हे तिन्ही सोबतीला असतात. पाणी भरायला एकट्यानें जाऊं नये, आणि दिवसा वीज मिळावी ही मागणी ग्रामसभेनें सोडूं नये.

औषधाची फवारणी ही तर डोळ्यांना न दिसणारी विहीर आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. आपल्याकडे द्राक्षें, टोमॅटो, कांदा यांवर फवारे कमी पडत नाहींत. वाऱ्याच्या तोंडावर फवारूं नये. दोन-तीन औषधें मनानें मिसळूं नयेत. हातमोजे, तोंडाला फडकें नव्हे तर खरा मुखवटा, आणि काम होतांच साबणानें आंघोळ हवी. चक्कर आली, डोळ्यांपुढें धुकें आलें, तोंडाला लाळ सुटली, तर लिंबूपाणी देत बसूं नका. औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गांठा.

आणि ज्यांच्या लेकीसुना कारखान्यांत जातात त्यांच्यासाठीं एक आठवण. ७ जून २०२१ रोजीं मुळशी तालुक्यांतील उरवडे येथें रसायनाच्या कारखान्यास आग लागून १७ कामगार जळाले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. कामाला लागलेल्या मुलीला पगार किती, हें आपण पहिल्या दिवशीं विचारतों. बाहेर पडण्याचीं दारें किती, तीं उघडीं असतात कीं कुलुपांत, आग लागली तर कोणत्या बाजूला पळायचें तें दाखविलें का, हेंहि पहिल्याच दिवशीं विचारा.

आतां शेवटचें. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं लेणीं आहेत. शाळेच्या सहलींत मीं तीं मुलांना दाखवितों. तेथल्या लेखांत कासारांच्या, वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. आपल्या कारागिरांचा असा जुना मान दगडावर कोरलेला पाहून ऊर भरून येतो. ज्यांनीं दानें दिलीं त्यांचीं नांवें वाचतां येतात. डोंगर फोडतांना कोण दगडाखालीं सांपडला, त्याची ओळ मात्र तेथें नाहीं. आजहि धरणावर, पुलावर, समाजमंदिरावर उद्घाटन करणाराचें नांव असतें.

म्हणून आपण दगड नको, वही करूं. शंभर पानी वही मीं आणली आहे. ती शाळेंत राहील आणि दरवर्षीं २८ एप्रिलला या चावडीपुढें मोठ्यानें वाचली जाईल. तींत पांच रकाने आहेत: नांव व गांव, दिवस, काम, मरणाचें कारण, आणि तसें पुन्हां होऊं नये म्हणून आपण काय केलें. कारणाच्या रकान्यांत 'नशीब', 'दैव', 'विहिरीनें नेलें' आणि 'त्याचीच चूक' हे चार शब्दप्रयोग लिहावयाचे नाहींत. खरें कारण सांपडेपर्यंत तो रकाना मोकळा राहील, आणि मोकळा रकाना दरवर्षीं आपल्याकडे बघत राहील. मजूर परगांवचा असला तरी त्याचें नांव आपल्याच वहींत येईल, कारण घाम त्यानें आपल्या शिवारांत गाळला.

पहिली ओळ लिहून झाली आहे. आईची परवानगी घेऊन त्या मुलीनें ती काल शाळेंत स्वतःच्या हातानें लिहिली. कारणाच्या रकान्यांत तिनें लिहिलें आहे: "यारीचा दोर झिजला होता. तीन दिवस दिसत होता. बदलला नाहीं." शेवटचा रकाना तिनें मोकळा ठेवला आणि मला विचारलें, "गुरुजी, इथं काय लिहूं?" मी म्हणालों, "तें तुला मला लिहितां येणार नाहीं. तें गांवानें लिहायचें आहे."

तर गांवकरी हो, वही येथें टेबलावर उघडी ठेवली आहे. ज्यांच्या शिवारांत या उन्हाळ्यांत विहिरीचें काम चाललें आहे त्यांनीं पुढें यावें, उद्यां सकाळीं दोर पाहीन आणि झिजलेला असेल तर काम थांबवून बदलीन, एवढें आपल्या हातानें त्या रकान्यांत लिहावें व सही करावी. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचा मजकूर मी लिहीन, वाचून दाखवीन, आणि मगच अंगठा घेईन.